बोट धक्क्याला लागल्यावर

आमचं घर लखनौच्या अलीगंजमध्ये, कपूरथला चौराह्याच्या आतल्या गल्लीत. तीस वर्षं इथे काढल्यावर शेजारीपाजारी काय विचारणार याचा अंदाज येतो. मुंबईहून क्रूझला चाललोय म्हटल्यावर जेवण शाकाहारी मिळतं का, समुद्रात फोन लागतो का, असे प्रश्न येतील असं मला वाटलं होतं. समोरच्या घरातल्या भाभींनी मात्र सरळ शेवटाला हात घातला. "जहाज से उतरकर एयरपोर्ट कैसे पहुँचिएगा?"

त्या पोळलेल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा आणि सून असेच जहाजाने फिरून आले. जहाज सकाळी आठला मुंबईत येणार, म्हणून त्यांनी साडेअकराचं लखनौचं विमान घेतलं. मध्ये साडेतीन तास, आणखी किती हवेत? जहाज आठलाच आलं. विमान मात्र त्यांना न घेता गेलं, आणि ऐन वेळी काढलेल्या दुसऱ्या तिकिटांनी सगळ्या सहलीचा आनंद पुसून टाकला.

यात कोणाला दोष द्यायला जागा नाही. जहाजाच्या कागदावर छापलेली असते ती धक्क्याला लागण्याची वेळ. आपण बॅगा घेऊन बंदराच्या फाटकाबाहेर उभे राहतो ती वेळ कुठेच छापलेली नसते, आणि विमानाचा हिशेब धरायचा तो या दुसऱ्या वेळेपासून. आम्ही तिघं निघालो होतो. मी, हे आणि एक्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई. म्हणून मी वही घेऊन बसले आणि विमानापासून उलटा हिशेब मांडायला लागले.

सासूबाई मालवणच्या. त्यांचं लहानपण आगबोटीच्या काळातलं. त्या वेळी मालवणला खडकांमुळे आगबोट किनाऱ्यापर्यंत यायची नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं पडावातून ने-आण व्हायचं. हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकताना वडील कसे मनगट घट्ट धरायचे, हे त्या अजून हाताने दाखवतात. त्यांच्या तोंडी 'बोट लागली' याचे दोन अर्थ आहेत. एक धक्क्याला लागणं, दुसरं माणसाला लागणं. मराठीत समुद्रावरच्या मळमळीला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. "क्रूझ म्हणजे आगबोटच ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, आणि त्या एका शब्दावर त्या यायला तयार झाल्या. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज आजही दूर उभं राहतं आणि छोट्या बोटी प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. नाव टेंडर, काम पडावाचंच.

महिना निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. पावसाळ्यात अरबी समुद्रातल्या या सफरी बंद असतात, हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. मे महिन्याच्या सुमारास अलीगंजच्या हनुमान मंदिरात ज्येष्ठातले बडे मंगल सुरू होतात, चौकाचौकात पुडी-सब्जी आणि सरबताचे भंडारे लागतात, आणि त्या दिवसांत सासूबाई घर सोडत नाहीत. म्हणून हिवाळा ठरला. पण हिवाळ्यात लखनौला धुकं असतं. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर पहाटेची आणि सकाळची विमानं उशिरा येतात, कधी दुसरीकडेच उतरवली जातात. लखनौला दिवसाउजेडी किंवा संध्याकाळी उतरणारं विमान घ्यायचं, हे त्यातून आपोआप ठरलं. दुपारी तीननंतर सुटणारं एक मिळालं. मुंबई ते लखनौ उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपास.

शंभर वर्षांपूर्वी भाभींचा प्रश्न कोणाला पडलाच नसता. आजची मोठी प्रवासी जहाजं लागतात त्या बॅलार्ड पिअरवर तेव्हा रेल्वेचं स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल नावाचं. विलायतेहून पी अँड ओ कंपनीची मेलबोट आली की प्रवासी बोटीतून उतरून जवळजवळ थेट डब्यात बसायचा. पंजाब मेल इथून निघून पेशावरपर्यंत जायची. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, म्हणजे साहेबलोक परत येण्याच्या हंगामात, इथूनच सुटायची. कलकत्त्याची इंपीरियल इंडियन मेल तर मेलबोटींच्या जोडीनेच चालवत. बोट आणि गाडी यांची गाठ व्यवस्थेने मारून ठेवलेली होती, प्रवाशाला फक्त चालायचं होतं. आता जहाजाला विमान माहीत नाही आणि विमानाला जहाज. ती गाठ ज्याची त्याने मारायची, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कळतं तोवर बहुधा तिकीट काढून झालेलं असतं.

बंदरावरची सोय मात्र खूप सुधारली आहे. बॅलार्ड पिअरच्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. सव्वाचार लाख चौरस फुटांच्या आसपासची इमारत, तपासणी आणि इमिग्रेशन मिळून ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता. विमानतळाच्या इमारतीत शिरल्यासारखं वाटतं. तरी वेळ लागतोच, आणि तो का लागतो हे एका जहाजाच्या आकारावरून समजेल. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' १९९० मध्ये बांधलेलं, दोनशे मीटरहून लांब आणि अकरा मजली आहे. जगाच्या मानाने हे मध्यम जहाज, पण त्यात दीड हजाराहून जास्त प्रवासी मावतात. माणशी दोन बॅगा धरल्या तर तीन हजार बॅगा झाल्या, आणि हे सगळं एक-दोन जिन्यांवरून खाली यायचं. शिवाय जहाज धक्क्याला बांधून झाल्यावर बंदराचे अधिकारी कागद पाहून मंजुरी देतात, तोवर कोणालाही खाली सोडत नाहीत. जहाज वाटेत परदेशी बंदराला लागलेलं असेल तर इमिग्रेशन आणि कस्टमही आलं. आमची सफर गोव्यापुरती होती, त्यामुळे ओळखपत्रावर भागलं.

शेवटची रात्र ही उतरण्याच्या दिवसाची खरी सुरुवात. संध्याकाळी खोलीत रंगीत, आकडा छापलेल्या चिठ्ठ्या येतात. त्या मोठ्या बॅगांना बांधायच्या आणि सांगितलेल्या वेळेच्या आत बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून कर्मचारी त्या गोळा करतात आणि सकाळी टर्मिनलच्या दालनात रंगाप्रमाणे मांडून ठेवतात. त्याच रंगाने आणि आकड्याने उतरण्याची पाळीही ठरते. मोठ्या बॅगेत चुकून गेलेली वस्तू उतरेपर्यंत हाती लागत नाही, म्हणून औषधं, आधार कार्ड, चष्मा, चार्जर, उद्याचे कपडे आणि चपला खांद्यावरच्या पिशवीत. हे लिहिताना बाळबोध वाटतं, पण सकाळी नाश्त्याला रात्रीच्या पायजम्यात आलेले एक आजोबा आम्ही पाहिले. बिचारे नातवामागे लपत होते.

ज्यांना स्वतःचं सामान स्वतः उचलून नेता येतं, त्यांना बहुतेक जहाजांवर बॅगा बाहेर न ठेवता थेट उतरण्याची मुभा असते आणि असे लोक बरेच आधी बाहेर पडतात. तरुण जोडप्यांनी हेच करावं. भाभींच्या मुलाने हे केलं असतं तर कदाचित विमान मिळालंही असतं. आम्हाला ते शक्य नव्हतं. सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची आदल्या दिवशीच स्वागतकक्षात सांगून ठेवली होती, आणि विमान कंपनीकडे तिकीट काढतानाच. या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एकीकडे सांगितलं म्हणजे दुसरीकडे कळलं, असं होत नाही.

जहाजावरचा खर्च खोलीच्या कार्डावर चढत जातो. त्याचा हिशेब यांनी रात्री दहालाच पाहून मिटवला. सकाळी त्याच खिडकीसमोर लांबलचक रांग होती.

बॅगांसाठी माझी एक घरगुती युक्ती होती. निघण्याआधीच्या मंगळवारी मंदिरातून आणलेला कलावा, म्हणजे लाल-पिवळा दोरा, मी प्रत्येक बॅगेच्या मुठीला बांधला. तीन हजार बॅगांत काळ्या किती असतील? सकाळी त्या दालनात लोक वाकून वाकून नावं वाचत होते, आणि सासूबाईंनी खुर्चीतूनच बोट दाखवलं, "ते बघ, आपला मारुती."

वहीतल्या वेळा अशा आहेत. सातच्या सुमारास मुंबईचा किनारा दिसला आणि फोनला रेंज आली. पावणेआठला जहाज स्थिर झालं. सव्वानऊला आमच्या आकड्याची घोषणा, नऊ चाळीसला बॅगा हातात. फाटकाबाहेर टॅक्सीत बसलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे जहाज लागल्यापासून दोन तास वीस मिनिटं, आणि तेही काहीही बिघडलं नसताना.

लखनौचा माणूस बाहेर आला की सवयीने ऑटो किंवा ई-रिक्षा शोधतो. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. शीव आणि वांद्र्याच्या खाली तिला परवानगीच नाही. काळी-पिवळी टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी, एवढेच पर्याय. बंदराच्या आवारात नेटवर्क आणि गर्दी दोन्हींमुळे ॲपवर गाडी ठरवायला वेळ जातो, म्हणून आम्ही मीटरवर चालणारी काळी-पिवळी केली. विमानतळ इथून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास, कामाच्या दिवशी गर्दीत सापडलात तर दीड.

जाण्याच्या वाटा दोन. पहिली पूर्वेची. बंदरालगतच्या पी. डिमेलो मार्गावरून ईस्टर्न फ्रीवेवर चढायचं, चेंबूरला उतरायचं आणि सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे गाठायचा. दुसरी पश्चिमेची. शहर ओलांडून मरीन ड्राइव्हला जायचं, मलबार हिलखालच्या बोगद्यातून कोस्टल रोडने वरळी, तिथून सी लिंकने वांद्रे आणि पुढे हायवे. बॅलार्ड पिअरहून फ्रीवे जवळ आहे आणि मला तोच सरळ वाटतो. ज्यांच्या हाताशी वेळ आहे त्यांनी कोस्टल रोडने जावं. जो समुद्र सोडून आलो तोच डाव्या हाताला पुन्हा भेटतो. दिवस कोणता आहे हे मात्र आधी पाहावं. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि दक्षिण मुंबईतले अनेक रस्ते सकाळभर बंद असतात.

आमचा ड्रायव्हर जौनपूरचा निघाला. लखनौ म्हटल्यावर त्याने आरशातून मागे पाहिलं, मग गप्पा हिंदीतून अवधीत गेल्या. इथे एक अडचण सोडवायची होती. गोव्यात मार्मागोव्याला जहाज थांबलं तेव्हा सासूबाईंनी बाजारातून आमसुलं आणि दोन किलो सुकं खोबरं घेतलं होतं. आमसुलांना विमानात हरकत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते नेऊ देत नाहीत. कोकणातून किंवा गोव्यातून निघणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊकच हवं, कारण आपल्या पिशवीत खोबरं नसेल असं सहसा होत नाही. तपासणीत ते कचऱ्याच्या डब्यात पडण्यापेक्षा सासूबाईंनी ते ड्रायव्हरला दिलं. त्याने आधी नको नको म्हटलं, मग घरी फोन करून बायकोला सांगितलं की आज चटणी करायची आहे.

आता मेट्रोही आहे, आणि सामान कमी असणाऱ्याला तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यांत विमानतळाची दोन, टी१ आणि टी२. बंदरावरून सीएसएमटीचं मेट्रो स्टेशन टॅक्सीने काही मिनिटांवर. तिथून रस्त्यावरची कोंडी तुमचं काही बिघडवू शकत नाही. मात्र स्टेशनात उतरताना आणि बाहेर आल्यावर टर्मिनलच्या दारापर्यंत बॅगा आपल्यालाच ओढायच्या असतात. पाठीवर एक सॅक असलेल्या मुलाला मी मेट्रोच सांगेन, सासूबाईंसारख्या कोणाला घेऊन निघालेल्याला टॅक्सी. लोकलचा विचार बॅगांसह करूच नये, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो हे वेगळंच.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच लोक सर्वांत उशिरा पाहतात. विमान नेमकं कुठून सुटतं? मुंबईत देशांतर्गत विमानं टी१ वरूनही जातात आणि टी२ वरूनही. पहिलं विलेपार्ले-सांताक्रूझकडे, दुसरं सहारला. एकाच विमानतळाचे हे दोन भाग असले तरी एकातून दुसऱ्यात जायला बाहेर पडून गाडीच करावी लागते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. तिकिटावर 'मुंबई' दिसलं की आपण पुढे वाचत नाही, पण 'बीओएम' म्हणजे सहार-सांताक्रूझ आणि 'एनएमआय' म्हणजे उलवे. बॅलार्ड पिअरच्या माणसाला नवी मुंबई वाटते तितकी अवघड नाही. फ्रीवेने शिवडी आणि तिथून जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या जवळजवळ २२ किलोमीटरच्या अटल सेतूवरून खाडी पार. पण अंधेरीला पोहोचून हे लक्षात आलं, तर त्या दिवशीचं विमान विसरायचं.

बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी सामान घेणं बंद करतात. आता भाभींच्या मुलाचं गणित पुन्हा मांडून पाहा. साडेअकराचं विमान, म्हणजे साडेदहाला काउंटर बंद. टॅक्सीत बसलो तेव्हा आमचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पंचवीस मिनिटांत सहार कोणी गाठत नाही. मुंबईत जहाज सकाळी आठला लागणार असेल तर एकच्या आतलं विमान घेऊ नये, आणि सोबत म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर तीननंतरचं घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. चार तास विमानतळावर बसायला लागलं तरी चालेल. तेवढाही धीर नसेल तर एक रात्र मुंबईत राहावं. चुकलेल्या विमानापुढे हॉटेलचं भाडं स्वस्त पडतं.

वजनाचंही बघा. जहाजावर कोणी बॅग तोलत नाही, म्हणून लोक रोज संध्याकाळचा वेगळा पोशाख घेऊन येतात. स्वस्त देशांतर्गत तिकिटावर मात्र सहसा १५ किलो सामान आणि ७ किलो हातातलं, तेवढंच. बॅग अलीगंजला घरच्या काट्यावर तोलून निघालात, तरी गोव्याच्या खरेदीची जागा मोकळी सोडा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत राहिली तर तपासणीत बॅग उघडायला लागते.

मुलांकडे परदेशी जाऊन तिथून क्रूझ करणाऱ्या आईवडिलांची संख्या आता वाढते आहे. त्यांनी बंदराचं गाव नकाशावर पाहिल्याशिवाय परतीचं विमान घेऊ नये. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलचं बंदर विमानतळाला अगदी चिकटून आहे. उलट 'रोम'हून निघणारी जहाजं चिवितावेक्किया नावाच्या गावाहून निघतात, आणि तिथून रोमचा विमानतळ साठ किलोमीटरहून लांब आहे. 'लंडन'ची जहाजं बहुधा साउथहॅम्प्टनची असतात. तिथून हीथ्रो सुमारे शंभर किलोमीटर. जाहिरातीत शहराचं नाव असतं, जहाज लागतं ते बंदर निराळं असतं.

आम्ही अकरा वाजून वीस मिनिटांनी टी२ ला पोहोचलो. सासूबाईंना खुर्ची मिळाली. दोन तास त्या जमीन हलते आहे म्हणत होत्या. जहाजावरून आलेल्या पुष्कळांना असं होतं, कान आणि पाय अजून समुद्राच्या हिशेबाने चालत असतात, एक-दोन दिवसांत ते थांबतं. आम्ही डबे काढून जहाजावरच्या नाश्त्याआधी बांधून ठेवलेली लाडू-चिवड्याची शिदोरी खाल्ली. घाई नव्हती, आणि सगळ्या प्रवासात ती दुपार मला सर्वांत निवांत वाटली.

लखनौला अमौसीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि धुक्याची पहिली पातळ चादर दिव्यांभोवती जमत होती. इथलं मेट्रो स्टेशन विमानतळालगत जमिनीखाली आहे, लिफ्ट आहे, आणि बॅगा तीनच होत्या, म्हणून मेट्रोनेच निघालो. अलीगंजसाठी आयटी कॉलेजला उतरायचं, पंधरावं स्टेशन. चारबागनंतर गाडी भुयारात शिरते, हजरतगंजनंतर वर येते आणि के. डी. सिंह बाबू स्टेडियम सोडलं की गोमतीच्या पुलावर चढते. सासूबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मला वाटलं डोळा लागला असेल. खाली काळ्या पाण्यावर दिवे हलत होते. त्यांनी हलकेच माझं मनगट धरलं, वडील धरायचे तसं, आणि कित्येक वर्षांत न ऐकलेल्या मालवणीत विचारलं, "पडाव खंय आसा गो?"

"आई, इथे पडाव लागत नाही," मी म्हटलं. "पुलावरून जातोय आपण." विश्वविद्यालय स्टेशन आलं, मग आयटी कॉलेज. बाहेर ई-रिक्षावाला कपूरथला, कपूरथला ओरडत उभा होता.